केळ्यातला किरणोत्सार आणि आपल्या तारापूरची मुलं



सालवड, बोईसर, चिंचणी, दांडी या भागात शिकवणाऱ्या कुणालाही 'रेडिएशन' हा शब्द मुलांना शिकवावा लागत नाही. तो शब्द मुलं घरूनच घेऊन येतात. कुणाचे बाबा टॅप्समध्ये कंत्राटी कामाला जातात, कुणाची आजी अक्करपट्टी किंवा पोफरणची, म्हणजे नव्या प्रकल्पासाठी उठवलेल्या गावातली. तारापूरची पहिली दोन युनिटं १९६९ मध्ये सुरू झाली, पुढची दोन २००५ आणि २००६ मध्ये. म्हणजे तीन पिढ्या या शब्दाच्या सावलीत वाढल्या आहेत. पण शब्द माहीत असणं वेगळं आणि तो समजणं वेगळं. 'आपल्याकडचं फळ खाल्लं तर अंगात रेडिएशन जातं' हे वाक्य पाचवीतल्या मुलाच्या तोंडून ऐकलं की उत्तर काय द्यायचं, हा खरा प्रश्न. 'नाही रे, काही नसतं' हे उत्तर चुकीचं आहे. आणि 'हो' एवढंच म्हणून थांबलो तर त्याहून वाईट.

मी या धड्याची सुरुवात केळ्यापासून करते. केळं स्वस्त आहे, प्रत्येकाने खाल्लेलं आहे, आणि ते जळगावचं असो, वसईचं असो की केरळचं, त्यात थोडा किरणोत्सार असतोच. अणुविद्युत केंद्र जगात कुठेही नव्हतं तेव्हाही होता.

कारण पोटॅशियम. आपल्या स्नायूंना, नसांना, हृदयाच्या ठोक्यांना पोटॅशियम लागतं. निसर्गात पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमध्ये साधारण एक अणू वेगळा असतो, पोटॅशियम-४०. तो अस्थिर असतो. कधीतरी तो फुटतो, म्हणजे त्याच्या केंद्रकातून ऊर्जा बाहेर पडते आणि त्याचा दुसराच अणू होतो. शंभरातले सुमारे ८९ वेळा कॅल्शियम, आणि उरलेल्या वेळी अरगॉन. आपल्या हवेत जो एक टक्क्याच्या आसपास अरगॉन वायू आहे, तो जवळपास सगळा अशाच पोटॅशियमपासून तयार झालेला आहे. हे सांगितलं की मुलं श्वास ओढून बघतात!

पोटॅशियम-४० चा अर्धायुकाल सुमारे १२५ कोटी वर्षं. पृथ्वीचं वय साधारण ४५० कोटी. म्हणजे पृथ्वी तयार झाली तेव्हा जेवढं होतं, त्याचा बारावा हिस्सा अजून शिल्लक आहे. तेच मातीत आहे, मातीतून केळीच्या मुळांत, आणि तिथून आपल्या ताटात येतं.

आता मोजायचं कसं? सेकंदाला एक अणू फुटला तर त्याला एक बेकरेल म्हणतात. हे नाव आंरी बेकरेल यांच्यावरून आलं, त्यांनी १८९६ मध्ये किरणोत्साराचा शोध लावला. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला साधारण ३१ अणू फुटतात. वर्गात मी ३० घेते, पाढा सोपा पडतो. सहावीच्या मुलांना दशांश अपूर्णांकांचा सराव म्हणून हे गणित छान जमतं. मध्यम केळ्यात साधारण ०.४ ग्रॅम पोटॅशियम, म्हणून १२ बेकरेल. शंभर ग्रॅमचा बटाटा, तोही जवळपास तेवढाच. घोलवडचा चिकू शंभर ग्रॅम घेतला तर ६ च्या आसपास. शहाळ्याचं ३०० मिली पाणी, २२. शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत १.४ ग्रॅम पोटॅशियम असतं, म्हणजे ४२! तांदूळ मात्र फारच कमी, ३ च्या जवळ. मुलांच्या लगेच लक्षात येतं की केळ्याचं उगाच नाव झालंय, डाळ त्याच्या कितीतरी पुढे आहे.

शेतकरी घरातल्या मुलांसाठी आणखी एक गणित देते. म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या गोणीत जवळपास निम्मं वजन पोटॅशियमचं असतं. २५,००० गुणिले ३०, साडेसात लाख बेकरेल. मोठ्या बंदरांवर किरणोत्सारी माल पकडायची जी यंत्रं असतात, ती अशा खताच्या गाड्यांमुळेही कधीकधी वाजतात. पण ती गोणी वर्षानुवर्षं लोकांच्या ओसरीत पडलेली असते आणि त्याने कुणाला काही झालेलं नाही, कारण बेकरेलचा आकडा मोठा दिसला म्हणजे इजा मोठी, असं नसतं. किती अणू फुटले हे बेकरेल सांगतं, शरीराला किती पोचलं हे सिव्हर्ट सांगतं. हा फरक मुलांपेक्षा मोठ्यांनाच समजावायला वेळ लागतो.

मग वर्गातला सगळ्यात आवडता प्रश्न येतो: "बाई, मग मी पण किरणोत्सारी?" हो, तू पण. आपल्या वजनाच्या दर किलोमागे साधारण दोन ग्रॅम पोटॅशियम असतं. तीस किलोच्या मुलाच्या अंगात साठ ग्रॅम, म्हणजे सेकंदाला १,८०० अणू फुटतात. शिवाय कार्बन-१४ वेगळा, तोही जवळपास तितकाच. मी हे सांगते तेव्हा मागच्या बाकावरचा कुणीतरी शेजाऱ्यापासून लांब सरकतोच. सरकू द्या, हसू द्या, मग पुढचं सांगा.

पुढचं असं, की शरीर पोटॅशियमचा साठा ठरावीक ठेवतं. तीन केळी जास्त खाल्ली तर जादाचं पोटॅशियम मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर टाकतात. म्हणून 'एक केळं म्हणजे एवढा डोस, दहा केळी म्हणजे दहापट' असा जो हिशेब मोबाइलवर फिरतो, तो कच्चा आहे. केळी खा किंवा नका खाऊ, अंगातल्या पोटॅशियम-४० पासून माणसाला वर्षाला ०.१७ मिलिसिव्हर्टच्या आसपास मिळतं. जमीन, आकाशातून येणारे किरण, घरातल्या हवेतला रेडॉन आणि अन्न असं सगळं धरून जगातल्या माणसाची नैसर्गिक सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट. (ज्यांना मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी केळं, शहाळं बंद केलं असेल, ते पोटॅशियमसाठी, किरणांसाठी नव्हे. पालकांमध्ये हा गोंधळ मी बघितला आहे.)

आपल्या किनाऱ्यावरच्या जेवणात केळ्यापेक्षा लक्ष देण्यासारखी गोष्ट मासळी आहे. समुद्रात पोलोनियम-२१० हा नैसर्गिक किरणोत्सारी पदार्थ असतो. तो माशांच्या आतड्या-यकृतात आणि तिसऱ्या, कालवं यांच्यात जमतो. जगभर मासळी खाणाऱ्या समाजांना अन्नातून थोडा जास्त डोस मिळतो तो यामुळेच, आणि याचा कुठल्याही प्रकल्पाशी संबंध नाही. पोलोनियमचा अर्धायुकाल १३८ दिवस, म्हणजे साडेचार महिने. सुकवताना पाणी उडतं, त्यामुळे किलोमागचा आकडा वाढतो. पण पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या सुक्या मासळीतलं पोलोनियम ठेवल्या ठेवल्या कमी होत जातं. वसईची सुकेळी घ्या. राजेळी केळं सुकलं की किलोमागे पोटॅशियम वाढतं, पण एका केळ्यातलं होतं तेवढंच राहतं. 'किलोमागे' आणि 'नगामागे' हा फरक बाजारात जाणाऱ्या मुलांना लगेच कळतो.

इथपर्यंत धडा सोपा आहे. अवघड भाग पुढे आहे, आणि तो टाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

केळ्याचं उदाहरण पुष्कळदा तोंड बंद करण्यासाठी वापरलं जातं. 'केळ्यात पण असतं, मग प्लँटला कशाला घाबरता?' हा युक्तिवाद लंगडा आहे. अणुभट्टीत तयार होणारे पदार्थ वेगळे. आयोडीन-१३१ शरीरात गेलं तर गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जमतं, आणि लहान मुलांना त्याचा धोका जास्त असतो. त्याचा अर्धायुकाल आठ दिवस. म्हणून तर आणीबाणीसाठी आयोडीनच्या गोळ्यांची तरतूद असते. स्ट्रॉन्शियम-९० कॅल्शियमसारखं हाडात जातं. सिझियम-१३७ ला शरीर पोटॅशियमसारखंच वागवतं. पण पोटॅशियमचा साठा जसा शरीर ठरवतं, तसा सिझियमचा ठरवत नाही. जितकं जास्त पोटात जाईल तितकं अंगात वाढतं, आणि बाहेर पडायला काही महिने लागतात. पदार्थ कोणता, किती, आणि शरीरात कुठे जातो, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय 'सुरक्षित' किंवा 'घातक' यातला कोणताच शब्द वापरू नये.

हे प्रश्न महाराष्ट्रात एकदा न्यायालयातही विचारले गेले होते. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला. त्यानंतर युरोपीय समुदायाची मदत म्हणून आयर्लंडचं लोणी आपल्या दूध योजनेसाठी आलं. त्यात अपघातातले किरणोत्सारी पदार्थ आहेत अशी शंका घेऊन मुंबईतले काही नागरिक उच्च न्यायालयात गेले, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात पोचलं. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, समितीने लोणी खायला निर्धोक असल्याचा अहवाल दिला आणि १९८८ मध्ये प्रकरण निकाली निघालं. गंमत अशी की लोण्यात पोटॅशियम जवळजवळ नसतंच, त्यामुळे त्यातला नैसर्गिक किरणोत्सार केळ्यापेक्षा पुष्कळ कमी. तरीही विचारणाऱ्यांचा प्रश्न रास्त होता आणि उत्तर मोजून मिळालं. मुलांना मी दोन्ही बाजू सांगते.

आपल्याकडेही मोजमाप होतं. देशातल्या प्रत्येक अणुविद्युत केंद्राजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते, तशी तारापूरलाही आहे. आसपासचं दूध, भाजी, मासळी, पाणी, माती यांचे नमुने तिथे तपासले जातात. अणुऊर्जा नियामक मंडळाने सामान्य माणसासाठी प्रकल्पामुळे मिळणाऱ्या डोसची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ठरवली आहे, नैसर्गिक सोडून. पालकांनी हे आकडे मागावेत. मागणं म्हणजे विरोध नव्हे.

आणि एक गोष्ट सालवडकरांसाठी खास. 'तारापूर' नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक अणुविद्युत केंद्र आणि दुसरी एमआयडीसी. रात्री खिडकीतून उग्र वास आला की मुलं म्हणतात 'रेडिएशन सुटलं'. किरणोत्साराला वास नसतो, रंग नसतो. तो वास रसायनांचा असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत तारापूरचं नाव आहे, ते या कारखान्यांमुळे. डोळे चुरचुरणं, खोकला, नाल्याच्या पाण्याचा रंग यांची तक्रार नोंदवायची तर आधी ती कशाची आहे हे कळायला हवं. भीती चुकीच्या पत्त्यावर गेली की तक्रारही तिकडेच जाते.

आता उपक्रम. अर्धायुकाल शिकवायला चिंचोके आणा. ते मधोमध फोडून घ्या, एक बाजू काळी, एक पांढरी, सारीपाटाला वापरायचे तसे. ६४ अर्धुके डब्यात घालून हलवा, चादरीवर टाका. पांढरी पडलेली 'फुटली' म्हणून बाजूला काढा, उरलेली मोजा, परत टाका. प्रत्येक फेरीला उरलेला आकडा फळ्यावर. बरोबर ३२, १६, ८ असं येणार नाही. चिंचोका एका बाजूवर जरा जास्त पडतो, त्यामुळे कधी निम्म्याहून जास्त उरतात, कधी कमी. येऊ द्या, आकडे सुधारू नका. बटणं किंवा एक रुपयाची नाणी असतील तर निम्म्याच्या जास्त जवळ जाल. मुलं हमखास विचारतात की शेवटचा चिंचोका कितव्या फेरीला जाईल. एका अणूबद्दल हे कुणालाच सांगता येत नाही, पुष्कळ अणूंबद्दल मात्र नेमकं सांगता येतं. दोन तुकड्या करून दोन्हींचे आकडे शेजारी लिहिले तर हे डोळ्यांना दिसतं. फळा पुसू नका, दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला रेषालेख काढायला हेच आकडे लागतील.