चढ आधीं, चपळाई मागाहून

वार्षिक शर्यती पंधरा दिवसांवर येऊन ठेपल्या म्हणजे मैदानावर एक ठराविक देखावा दिसूं लागतो. वर्षभर ज्यानें पाय हालविला नाहीं, तोहि घड्याळ घेतलेल्या मित्रास उभा करून रोज सायंकाळीं जीव तोडून धांवतो. पहिले चार-पांच दिवस प्रगति दिसते. मग नडगी दुखूं लागते, झोंप नीट येत नाहीं, आणि नेमके शर्यतीच्या दिवशीं पाय शिशासारखे जड होतात. मेहनत कमी पडली असें तो समजतो. वस्तुतः मेहनतीचा क्रम चुकलेला असतो.

हा क्रम न्यूझीलंडांतील आर्थर लिडिअर्ड या गृहस्थानें जगास दाखविला. ऑक्लंड येथें तो जोड्यांच्या कारखान्यांत काम करी. अनेक वर्षें स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करून त्यानें आपली पद्धत बसविली, व आसपासच्या तरुणांस ती शिकविली. २ सप्टेंबर १९६० रोजीं रोमच्या ऑलिंपिक सामन्यांत त्याचा शिष्य पीटर स्नेल यानें ८०० मीटरची शर्यत जिंकली, आणि त्याच दिवशीं दुसरा शिष्य मरे हॅल्बर्ग यानें ५००० मीटरची. हॅल्बर्गचा डावा हात रग्बीच्या खेळांतील अपघातानें तरुणपणींच निकामी झाला होता! नवल असें कीं, अवघे ८०० मीटर धांवणारा स्नेलहि तयारीच्या काळांत आठवड्यास सुमारें शंभर मैल धांवे, आणि वायटाकेरेच्या डोंगरांतून बावीस मैलांची फेरी करी.

लिडिअर्ड शर्यतीच्या तारखेपासून उलटें मोजी. आधीं कांहीं महिने दम वाढविणारें लांबचें धांवणें, मग चार ते सहा आठवडे चढ, त्यानंतर सुमारें चार आठवडे धांवपट्टीवरील जलद फेऱ्या, आणि अखेरीस हलकें काम व विसावा.

यांतील चढाचें मर्म समजून घेण्याजोगें आहे. सपाटीवर पूर्ण वेगानें धांवतांना मांडीच्या मागील स्नायूंवर एकाएकीं ताण येतो, व संवय नसल्यास ते दुखावतात. चढावर वेग आपोआप कमी राहतो. परंतु प्रत्येक पावलास स्वतःचें वजन वर उचलावें लागतें. त्यामुळें घोटा, पोटरी व मांडी यांस वेगाला लागणारें बळ येतें, आणि इजेचें भय थोडें. लिडिअर्डचे शिष्य चढावर भराभर पळत नसत. गुडघे उंच उचलून, घोट्याचा जोर लावून, उसळी घेत ते सावकाश वर सरकत. माथ्यावर संथ धांवत दम घेत. उतारावर ढांगा टाकीत खालीं येत, आणि पायथ्याशीं सपाटीवर छोट्या जलद धांवा काढीत. उतारावर मात्र जपावें. पाय आपटतात ते तेथेंच.

जलद फेऱ्या अखेरीस कां? दम बसण्यास महिने लागतात, पण तो टिकतो. चपळाईची धार तीन-चार आठवड्यांत येते, आणि तेंच काम पुढें ताणलें तर बोथट होते. श्वास पुरणार नाहीं इतक्या वेगानें वारंवार धांवल्यावर शरीर सावरण्यास एक-दोन दिवस लागतात. दम नसेल तर अधिकच.

आपल्या शर्यती जानेवारीच्या २० तारखेच्या सुमारास असतील, तर पावसाळा ओसरतांच, ऑक्टोबरच्या आरंभीं, निघावें. आठ आठवडे सोबत्याशीं बोलतां येईल इतक्या सावकाशीनें धांवावें. मग नाताळापर्यंत आठवड्यांतून दोनदां चढ. तो शंभर-दीडशें पावलांचा, बेताचा असावा, उभा कडा नको. नंतर तीन आठवडे, आठवड्यांतून दोनदांच, २०० मीटरच्या सहा जलद फेऱ्या. प्रत्येकीनंतर तितकेंच अंतर चालावें. शेवटच्या आठवड्यांत पाय मोकळे करण्यापुरतेंच धांवावें.

पालकांनीं ध्यानांत घ्यावें कीं, शंभर मैलांचा आंकडा वर्षानुवर्षें मुरलेल्या प्रौढ धांवपटूचा आहे, चौदा वर्षांच्या मुलाचा नव्हे. त्याचीं हाडें अजून वाढत असतात. नडगीवर एकाच जागीं बोट ठेवतांच कळ येत असेल, तर धांवणें बंद करून डॉक्टरांस दाखवावें. परीक्षेच्या धामधुमींत एखादा चढ चुकलाच, तर पुढील आठवड्यांत तो दुप्पट करून भरून काढूं नये, सोडून द्यावा.