ही ढाल लावली कुणी?

नायगाव पश्चिम. रविवारची दुपार, बाहेर वलांडीवर बोंबील वाळतायत. मावशीच्या मांडीवर भाचीने आणून दिलेला जुना लॅपटॉप.

मावशी: अगं, गुडघ्याचा पट्टा नुसता बघितला, घेतलासुद्धा नाही. तेव्हापासून बातम्या उघडल्या तरी पट्टा, रेसिपी उघडली तरी पट्टा!

भाची: त्या दुकानाच्या पानावर जाहिरात कंपनीचाही एक तुकडा असतो. तो तुझ्या ब्राउझरमध्ये खूण सोडतो, तिला कुकी म्हणतात. बातम्यांच्या पानावरचा त्याच कंपनीचा तुकडा ती खूण ओळखतो. म्हणून तर आज हा फायरफॉक्स ब्राउझर टाकलाय. वर पत्त्याच्या डावीकडे ढाल आहे बघ, दाब ती.

मावशी: (चष्मा सारखा करत) अगो बाई, एवढ्यांना अडवलंय? पण ही ढाल मी कधी लावली?

भाची: आयतीच आली. सप्टेंबर २०१९ मध्ये ६९वी आवृत्ती आली, तेव्हापासून ओळखीच्या माग काढणाऱ्यांच्या कुकी सगळ्यांसाठीच अडवायला लागले. सेटिंगमध्ये शिरून काही बदलणारी माणसं असतात किती?

मावशी: बरंच झालं की. बिल्डरने सेफ्टी डोअर बसवूनच फ्लॅट दिला तर कोण नको म्हणेल?

भाची: आणि तोच बिल्डर एक दिवस न विचारता आत येऊन भिंतीवर पोस्टर चिकटवून गेला तर? डिसेंबर २०१७ मध्ये ह्याच फायरफॉक्समध्ये काही लोकांना ‘लुकिंग ग्लास’ नावाचं एक अ‍ॅड-ऑन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, दिसलं. कुणी टाकलं, कशाला, पत्ता नाही. निघालं काय, तर ‘मिस्टर रोबोट’ ह्या मालिकेची जाहिरात. खाजगीपणाच्या नावाने छाती फुगवणाऱ्यांनी हे करावं! आरडाओरडा झाल्यावर काढून घेतलं.

मावशी: मग काहीही लावायचं तर विचारूनच लावावं.

भाची: तिथेही गंमत आहे. ‘माझा माग काढू नका’ अशी विनंती वेबसाइटला पाठवायची सोय ब्राउझरमध्ये होती. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये ती इंटरनेट एक्सप्लोरर १० मध्ये आधीच चालू करून ठेवायचं ठरवलं. जाहिरातवाल्यांना आयतं निमित्त मिळालं. म्हणाले, ही इच्छा माणसाची नाही, मायक्रोसॉफ्टची. आम्ही मानणार नाही.

मावशी: चोराने विचारावं, कडी घरमालकाने लावली की सुताराने!

भाची: पण ती कडी नव्हतीच ना, नुसती पाटी होती. पाळा नाहीतर पाळू नका. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने माघार घेतली आणि २०२५ मध्ये फायरफॉक्सनेही ती सोय काढून टाकली. ही ढाल मात्र कुणाच्या भलेपणावर चालत नाही. कुकी अडते म्हणजे अडते.

मावशी: आणि माझ्या फोनवर ते क्रोम? ते तरी मी कुठे टाकलं होतं?

भाची: तेही आयतंच. फोन कंपन्यांना स्वतःची अ‍ॅप आधीच बसवायला लावत होते, म्हणून आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७ कोटींचा दंड ठोकला होता.

मावशी: असं? सगळे आपापल्या आवडीचं बसवतात, मग ह्या फायरफॉक्समध्ये माझ्या आवडीची चार-पाच अ‍ॅड-ऑन बसवून टाक बघू.

भाची: एखादं चालेल. ढीग नको. विरार लोकलच्या गर्दीत तू कुणाच्या लक्षात येणार नाहीस, पण मे महिन्यात रेनकोट घालून चढलीस तर अख्खा डबा वळून बघेल. तुझ्यासारखी जोडणी दुसऱ्या कुणाकडे नसली की तीच तुझी खूण होते. म्हणून ओळख लपवणारा टॉर ब्राउझर बनवणारे नोस्क्रिप्ट हे अ‍ॅड-ऑन स्वतःच बसवून देतात आणि वर आणखी काही घालू नका म्हणून सांगतात.

मावशी: म्हणजे तिथे सगळ्यांनी सारखं दिसायचं. बरं, आता हे बघ, बिल भरायचं पान अर्धवटच उघडतंय.

भाची: ढालीमुळे असेल. दाब परत, आणि फक्त ह्या साइटपुरती बंद कर.

मावशी: थांब, तू हात लावू नकोस. मीच करते.