डिस्क गेली, कीं नुसती दिसेनाशी झाली?

आपल्या संगणक-कक्षांतील एका यंत्रावर लिनक्सचें नवें कर्नेल चढविलें, आणि दुसऱ्या दिवशीं तें यंत्र सुरू होईना. मूळ फाइल-प्रणाली जोडतां येत नाहीं, अशा अर्थाचें इंग्रजी वाक्य काळ्या पडद्यावर उमटून सर्व कारभार थांबला. वरच्या वर्गाचे वर्षभराचे प्रकल्प त्याच यंत्रांत होते, व त्यांची दुसरी प्रत कोणीं ठेविली नव्हती. "सर, डिस्क गेली!" म्हणून एक जण रडकुंडीस आला, दुसरा अधिक धीट, तो सर्व पुसून नव्यानें मांडणी करावयास निघाला. त्याचा हात मीं वेळींच धरला. न दिसे तें नाहींच, असें मानण्याची घाई थोमा शिष्यासही झाली होती. पण त्यानें निदान कांहीं पुसून टाकिलें नव्हतें.

कर्नेल म्हणजे गाभा. (लष्करांतील कर्नलसाहेबांशीं त्याचा संबंध नाहीं.) लिनस टोरवाल्ड्स यांनीं हेलसिंकी येथें विद्यार्थी असतांना १९९१ सालीं लिनक्सचें कर्नेल प्रथम प्रसिद्ध केलें. यंत्राचे निरनिराळे भाग ओळखण्यासाठीं त्यास ड्रायव्हर नांवाचे लहान कार्यक्रम लागतात. येथें एक गंमत आहे. डिस्क वाचण्यास जो ड्रायव्हर लागतो, तो बहुधा डिस्कवरच ठेविलेला असतो. म्हणजे पेटीची किल्ली पेटींतच राहिली! हा पेंच सोडविण्यासाठीं 'इनिट-रॅम-एफएस' नांवाची एक शिदोरी आधींच बांधून ठेवितात. ग्रब हा आरंभींचा कार्यक्रम कर्नेल व शिदोरी दोन्ही स्मृतींत आणून ठेवितो, आणि कर्नेल त्या शिदोरींतून ड्रायव्हर घेऊन डिस्क उघडतें. मात्र जुन्या कर्नेलची शिदोरी नव्यास चालत नाहीं. नवी बांधली गेली नाहीं, किंवा अर्धवट बांधली गेली, तर धडधाकट डिस्कही कर्नेलला दिसत नाहीं.

आतां विचार करा. ज्या यंत्रांत एकच डिस्क आहे, तेथें ग्रबची यादी पडद्यावर आली, तर ती कोठून वाचली गेली? त्याच डिस्कवरून. मग ती मेली कशी म्हणावी? यादीच आली नाहीं, तर यंत्राच्या बायोसमध्यें डिस्कचें नांव पाहावें. तेथेंही तें नसल्यास दोष कर्नेलचा नव्हे, तारा तपासाव्या. यादी आल्यास तिच्यांतून जुनें कर्नेल निवडावें. त्यानें यंत्र सुरू झालें, म्हणजे अर्धें काम झालें. मग डेबियन व उबुंटूमध्यें 'अपडेट-इनिट्रॅमएफएस', फेडोरामध्यें 'ड्रॅकट' या आज्ञेनें नव्या कर्नेलची शिदोरी पुन्हा बांधावी. तरीही अडलें, तर डी, एम, ई, एस, जी या पांच अक्षरांची आज्ञा देऊन कर्नेलचें टांचण वाचावें. डिस्कचा ड्रायव्हर कोठें अडखळला, तें त्यांत बहुधा सांपडतें.

कधीं कधीं डिस्क दिसते, पण नांव बदलतें. २००७ सालीं फेडोराची सातवी आवृत्ति निघाली, तेव्हां जुन्या पद्धतीच्या डिस्कांचीं 'एचडीए' इत्यादि नांवें जाऊन 'एसडीए' अशीं नांवें आलीं. दोन डिस्का असल्यास त्यांचा क्रमही पालटूं शकतो. म्हणून 'एफएस-टॅब' या यादींत अशीं नांवें न लिहितां फाइल-प्रणालीचा यूयूआयडी हा ओळख-क्रमांक लिहावा, असें माझें मत आहे. तो लांबलचक असतो खरा, पण कर्नेल बदलल्यानें बदलत नाहीं.

आमच्या यंत्राचें कारण अगदींच साधें निघालें. 'बूट' विभाग जुन्या कर्नेलांनीं गच्च भरला होता, त्यामुळें नवी शिदोरी पुरी बांधलीच गेली नव्हती. तशी सूचना पडद्यावर आली होती. ती कोणीं वाचली नाहीं. चालू असलेलें एक राखून बाकीचीं जुनीं कर्नेलें रीतसर काढलीं, शिदोरी पुन्हा बांधली, आणि यंत्र सुरू झालें. प्रकल्प जसेच्या तसे होते, शुद्धलेखनाच्या चुकांसुद्धां. त्यांची प्रत त्याच सायंकाळीं दुसऱ्या डिस्कवर उतरविली.