सहा पायांचा बैल

वर्धा,
तान्हा पोळा

चि. छकुलीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या आईला दाखवू नको. परवा सेलूच्या बसस्टँडवर तुझ्या शाळेच्या गावचे एक गृहस्थ भेटले. म्हणाले, नव्या मॅडमनं तिसरीतल्या पोरांची चित्रं दोरीला टांगली आणि ‘यात काय चुकलं ते सांगा’ म्हणून एकेकाला उभं केलं. एक पोरगी रडत घरी गेली, ती दोन दिवस शाळेत नाही. ऐकीव गोष्ट, चौपट फुगलेली असेल. पण ती आली का गं परत?

चित्रांवर बोलूच नये असं कुठं म्हणतो मी? पण ‘काय चुकलं’ हे तुला सुचलं तरी कसं! आधी सगळ्यांनी गप्प बसून नुसतं पाहायचं. मग काय काय दिसतं, ते कशावरून वाटलं, एवढंच विचारायचं. ज्याचं चित्र त्याला बोलावंसं वाटलं तर बोलेल; नाही तर नाही. अजून काही काढायचं राहिलंय का, हेही त्यालाच ठरवू दे. ती पोरगी काय काढत होती, हे तरी कुणी विचारलं का?

नंदलाल बोसांचे विद्यार्थी देवीप्रसाद १९४४ साली शांतिनिकेतनातून सेवाग्रामला आले, नई तालीमच्या शाळेतल्या मुलांना चित्रकला शिकवायला. मुलाचं चित्र मोठ्यांच्या मापानं मोजू नये, हे त्यांनी ‘शिक्षा का वाहन कला’मध्ये लिहून ठेवलंय. सेवाग्राम आपल्यापासून आठ किलोमीटर. मी पुस्तक उघडलं ते रिटायर झाल्यावर.

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एका पोरानं सहा पायांचा बैल काढला. मी तो वर्गाला दाखवला, पाय मोजायला लावले. सगळे हसले, मीही हसलो. पोरगा म्हणाला, “तो पयून रायला नं, गुरुजी.” तरी मी दोन पायांवर लाल फुल्या मारल्या. पुढं वर्षभर तो मी फळ्यावर काढलेलं कापसाचं बोंडच उतरवत राहिला. अगदी माझ्यासारखं. मी त्याला दहापैकी नऊ देत होतो!

आज गल्लीत पोरं लाकडी नंदी ओढत चाललीत, म्हणून हे जास्तच आठवलं असेल. तुझ्यावर ओरडायला बसलो होतो. नवी नोकरी, परकं गाव, संध्याकाळी बोलायला कुणी नाही, हे मला कळत नाही का? रात्री नीट जेवतेस ना?

त्या पोरीच्या घरी एकदा जाऊन ये. चित्राचा विषय काढू नको, नुसती बसून ये. रविवारी इकडे ये. मामीनं तुझ्या वाटणीच्या करंज्या डब्यात वेगळ्या ठेवल्यात. आणि ती पोरगी शाळेत आली की रविवारची वाट पाहू नको, लगेच फोन कर. कितीही उशीर झाला तरी मी जागाच असतो.

तुझा,
मामा