हिवाळ्यात कोंबडीघर गच्च बंद करू नका, कोरडं ठेवा!



व्हिडिओत आपण परसातल्या कोंबड्यांची हिवाळी तयारी पाहिली. त्यातले मुद्दे आणि हिशोब इथे देतोय. वहीत उतरवून घ्या.

आधी माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी डिसेंबरात थंडी वाढली, तसं मी कोंबडीघर चारही बाजूंनी ताडपत्रीने बंद केलं. वाटलं, पक्षी उबेत राहतील. आठ दिवसांत खालचं तूस ओलं झालं, आत गेलं की डोळे झोंबायचे. कोंबड्या घरघरायला लागल्या. चाळीसपैकी अकरा गेल्या.

काश्मीरमध्ये बर्फ पडतो, तरी तिथे परसात कोंबड्या पाळतातच. कोंबडीच्या अंगाचं तापमान साधारण ४१ अंश, वर पिसांची गोधडी. मोठी कोंबडी कोरडी असली की थंडी सोसते. पण श्वासातली वाफ आणि विष्ठेची ओल आतच कोंडली, तर अमोनिया साचतो आणि श्वासाचे आजार लागतात.

दिवाळी संपली की ही कामं उरका:

१. पडदा: खालची कड पक्की बांधा आणि वर छताखाली एक फूट मोकळं सोडा. गार वारा अंगावर येत नाही, दमट हवा वरून निघून जाते. सकाळी ऊन आलं की पडदा पूर्ण खाली घ्या.

२. तूस: भाताचं तूस तीन-चार इंच पसरा, रोज खालीवर करा. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस लगेच काढा.

३. दांडी: रात्री बसायला रुंद, चपटी लाकडी पट्टी द्या. कोंबडी पिसांखाली बोटं झाकून बसते.

४. खाद्य-पाणी: थंडीत खाणं वाढतं, तेव्हा खाद्य कमी पडू देऊ नका. संध्याकाळी मूठभर मका टाका. सकाळी रात्रीचं गार पाणी ओतून ताजं भरा.

५. उजेड: अंड्यांसाठी दिवसाला १४ तासांच्या आसपास उजेड लागतो. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा. म्हणून पहाटे तीन तास बल्ब लावा, पण वेळ हळूहळू वाढवत न्या.

पिल्लांचं गणित वेगळं. त्यांना पिसं नसतात, म्हणून पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब हवी. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करा. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर ऊब कमी, लांब पळाली तर जास्त. बंद खोलीत कोळशाची शेगडी अजिबात ठेवू नका, तिचा वायू जीव घेतो.

आता हिशोब. धरा, तुमच्या १०० कोंबड्या रोज ६० अंडी देतात आणि थंडीत ती ४० वर आली. अंड्याला १० रुपये धरले तर रोजचे २०० आणि महिन्याचे ६,००० रुपये गेले. याउलट ९ वॉटचे दोन बल्ब रोज तीन तास लावले, तर महिन्याला दोन युनिटसुद्धा वीज लागत नाही. म्हणजे तोटा आळसाचा आहे, खर्चाचा नाही.

आजचा गृहपाठ: उद्या पहाटे पडदा उघडण्याआधी आत जा, कोंबडीच्या उंचीला उकिडवे बसा आणि दोन मिनिटं श्वास घ्या. डोळे झोंबले, तर उद्याच वरची फट मोठी करा. कोंबड्या रात्रभर त्याच हवेत असतात.