रात्री आलेला मनुष्य

शास्त्रपाठ : योहान ३:१-१०, ७:४५-५२, १२:४२-४३, १९:३८-४२



निकदेमाचे नाव काढले की आपल्या मंडळ्यांतून नव्या जन्माचा उपदेश ऐकू येतो, आणि तो ऐकू यावा हे योग्यच आहे. परंतु तिसरा अध्याय संपला की आपण या गृहस्थास तेथेच सोडून देतो. तो पुढे कोठे गेला, त्याचे काय झाले, हे आमच्या अनुभवात दहांपैकी एकाही श्रोत्याला सांगता येत नाही. वास्तविक योहानाने त्याला तीन वेळा आपणांपुढे आणले आहे. इतर तीन शुभवर्तमानांत त्याचे नावही नाही. हे तीन प्रसंग एकापुढे एक ठेवून वाचावे, अशी आमची उपदेशक बंधूंस विनंती आहे. एका रविवारी उरकण्यासारखा हा पाठ नव्हे.

पहिल्या प्रसंगी तो रात्री येतो. दिवसा प्रभूभोवती गर्दी असे, निवांत बोलता यावे म्हणून तो रात्री आला, असे कित्येक भाष्यकार म्हणतात, आणि तसे असूही शकेल. तथापि एकोणिसाव्या अध्यायात त्याचे नाव पुन्हा येते, तेव्हा हा पूर्वी रात्री आला होता याची योहान मुद्दाम आठवण देतो. जी गोष्ट लेखकाला इतक्या दिवसांनीही विसरवत नाही, तिच्यात काही अर्थ असला पाहिजे. निकदेम परुशी होता, यहूद्यांचा अधिकारी होता. नासरेथच्या सुताराच्या दाराशी त्याला कोणी दिवसाढवळ्या पाहिले असते, तर दुसऱ्या दिवशी साऱ्या शहरात चर्चा झाली असती. खेड्यात राहणाऱ्यांस हे समजावून सांगण्याची गरज नाही. कोण कोणाच्या ओसरीवर बसला हे आपल्याकडे दिवे लागण्यापूर्वीच गावभर होते.

दुसरा प्रसंग सातव्या अध्यायातील. प्रभूला धरून आणण्यास पाठविलेले शिपाई हात हालवीत परत आले आहेत आणि परुशी संतापले आहेत. तेव्हा निकदेम तोंड उघडतो. पण तो काय बोलतो ते नीट पाहा. हा मनुष्य देवापासून आला आहे, असे तो म्हणत नाही, जरी त्या रात्री त्याने प्रभूच्या तोंडावर तसे म्हटले होते. तो कायद्याचा एक मुद्दा काढतो : मनुष्याचे ऐकून घेतल्यावाचून आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरविते काय? मुद्दा बरोबर, वाक्य सावध. एवढ्यावरही त्याला टोमणा मिळालाच की, तूही गालीलकर आहेस की काय! निकदेमाने उत्तर दिल्याचे लिहिलेले नाही. सभा संपली आणि जो तो आपल्या घरी गेला.

मग बाराव्या अध्यायातील ती दोन वचने येतात, जी वाचताना आम्हांस नेहमी अवघड वाटते. अधिकाऱ्यांपैकीही पुष्कळांनी विश्वास ठेवला होता, पण सभास्थानातून बाहेर घालतील या भयाने त्यांनी तो पत्करला नाही, आणि देवाकडच्या मानापेक्षा माणसांकडचा मान त्यांना प्रिय वाटला, असे तेथे सांगितले आहे. बाहेर घालणे म्हणजे काय, हे परदेशी टीकाग्रंथांत पाहावयास नको. वाळीत टाकणे हा शब्द आपल्या आजीआजोबांना ठाऊक होता. कोणी विस्तव देणार नाही, पाणवठ्यावर येऊ देणार नाही, सोयरीक जुळणार नाही, मौतीला खांदा मिळणार नाही. महाराष्ट्र शासनाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला. तो २०१७ च्या जुलैपासून अंमलात आहे, आणि बहिष्कार घालणारास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड त्यात सांगितला आहे. हा कायदा झाला हे फार चांगले झाले. परंतु शेजाऱ्याने तोंड फिरविणे कोणत्याही कलमात बसत नाही, आणि खेड्यातील माणसाला बहुधा तेवढेच पुरते.

येथे आम्हांस पंडिता रमाबाईंची आठवण होते. त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले आणि पुढील वर्षी ते पुण्यास नेले. उच्चवर्णीय बालविधवांसाठी ते घर होते. तेथे कोणावर ख्रिस्ती धर्म लादावयाचा नाही, प्रत्येक मुलीने आपला आचार पाळावा, असा नियम होता व तो बाईंनी पाळला. स्वतः मात्र त्या आपल्या खोलीत रोज प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार लावून घेत नसत. हळूहळू काही मुली आपण होऊन तेथे जाऊन बसू लागल्या. पुण्यात गवगवा झाला. सदनाच्या सल्लागार मंडळीत रानडे, भांडारकर यांच्यासारखे थोर व सज्जन सुधारक होते. १८९३ साली त्यांनी अंग काढून घेतले आणि कित्येक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. दार लावून घेणे किती सोपे होते! देव बंद दारातही ऐकतोच, असे म्हणण्यास आधारही मिळाला असता, मत्तयाच्या सहाव्या अध्यायातच. परंतु येथे दार लावणे म्हणजे, आपल्या विश्वासाची आपल्याला लाज वाटते असे त्या मुलींना सांगणे होते. बाईंनी दार उघडे ठेवले. दुसऱ्या बाजूने ख्रिस्ती लोकही त्यांजवर प्रसन्न होते असे नव्हे. इंग्लंडातील ज्या वाँटेजच्या भगिनींकडे त्यांचा १८८३ साली बाप्तिस्मा झाला, त्यांच्याशीही त्यांचा पत्रांतून मोठा वाद झाला. कारण आपली सदसद्विवेकबुद्धी कोणा धर्माधिकाऱ्याच्या हाती देण्यास त्या तयार नव्हत्या. दोन्हीकडून बोल ऐकणारी माणसे आपल्या इतिहासात थोडी नाहीत, पण त्यांचे स्मरण आपण फार थोडे करतो.

आमच्या अंबाजोगाईकर वाचकांस आणखी एक उदाहरण अगदी घरचे आहे, मग ते मंडळीबाहेरचे का असेना. निजामाच्या राज्यात या गावाला मोमिनाबाद म्हणत. येथील योगेश्वरी विद्यालयात १९३८ पूर्वी काही वर्षे स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. त्या राज्यात विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले, आणि गश्ती निशान ५३ या फर्मानाप्रमाणे परवानगीवाचून साधी सभा भरविता येत नसे. अशा ठिकाणी मराठी मुलांना शिकविणे हेच मोठे काम होते. मुलांकडे पाहून गप्प बसा, असे कोणी म्हटले असते तर त्याला मूर्ख म्हणता आले नसते. संन्याशाला राजकारणाशी काय करावयाचे, असे म्हणणारे तर सर्व काळी असतात. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली, तेव्हा स्वामींनी शाळा सोडली, सत्याग्रह केला आणि ते तुरुंगात गेले. पुढेही ते पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी हैदराबादेत त्यांना पकडले, मध्यंतरी सोडून पुन्हा पकडले, आणि सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य संपले तेव्हा ते बाहेर आले. आज येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयास त्यांचे नाव आहे. आपल्यापैकी किती जण तेथे आजारी माणूस घेऊन जातात, पण त्या नावाचा मनुष्य याच गावात खडू हातात घेऊन उभा राहत असे, हे मनात येत नाही. त्यांचा विश्वास आमचा नव्हे. परंतु चांगल्या कामाच्या सबबीखाली योग्य काम टाळावयाचे नाही, हा धडा आम्ही त्यांच्यापासून घेतला तर प्रभू रागावेल असे आम्हांस वाटत नाही.

हे सर्व लिहिल्यावर आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. न देता पुढे गेलो तर हा पाठ खोटा ठरेल.

आमच्या हाताखालील एका खेड्यातील उपदेशक काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आले. मंडळीतील एका मुलाचे व मुलीचे लग्न ठरले होते. दोघांचीही मनापासून संमती होती. मुलाचे पणजोबा महार समाजातून व मुलीचे मातंग समाजातून प्रभूकडे आले. तीन पिढ्या दोन्ही घराणी एकाच सतरंजीवर बसून एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेत आली होती. परंतु लग्न म्हटल्याबरोबर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना जुनी कुळे आठवली. विवाहाची सूचना उपासनेत वाचू नये, असा निरोप आला. निरोप पाठविणारे गृहस्थ मंडळीचे पंच, शिवाय ऊसतोडीचे मुकादम. बीड जिल्ह्यात याचा अर्थ काय होतो, हे वाचक जाणतात. मंडळीतील निम्म्याहून अधिक कोयते त्यांच्या टोळीत होते. नवराबायकोचा एक कोयता. त्याला हंगामापूर्वी मिळणारी उचल म्हणजे पावसाळ्यातील धान्य, औषधपाणी आणि जुन्या कर्जाचे तोंड बंद करणे. मुकादमांना दुखविणे म्हणजे साऱ्या वस्तीचा हात दगडाखाली घालणे.

आम्ही उपदेशकांस म्हणालो, “पुढच्या आठवड्यात पाहू.” पुढच्या आठवड्यात आम्ही म्हणालो की, वरिष्ठ समितीचे मत घ्यावे हे बरे. तिसऱ्या आठवड्यात आम्ही नियमांचे पुस्तक काढून दोघांची वये, दाखले व साक्षीदार यांविषयी विचारणा केली, जरी ते सर्व कागद पहिल्याच दिवशी आमच्या टेबलावर आले होते. निकदेमाचे ते सावध वाक्य आम्ही तीन आठवडे घोळवीत होतो. त्या वेळी आम्ही त्याला शहाणपण म्हणत असू. मंडळी फुटू नये ही आमची काळजी खरी होती. पण तिच्याखाली दुसरी एक काळजी होती, की आम्हांस वाईट म्हणणारे कोणी निघू नये.

चौथ्या रविवारी आम्ही दुसऱ्या गावी गेलो असता त्या उपदेशकांनी सूचना वाचली. आमच्याहून त्यांचे वेतन थोडे, त्यांचे घर मंडळीच्या जागेत, आणि त्यांचा भाऊ त्याच मुकादमांच्या टोळीत. आम्ही परत आल्यावर त्यांनी क्षमा मागितली नाही. एवढेच म्हणाले, “साहेब, मुलगी दर रविवारी पुढे बसून माझ्या तोंडाकडे पाहते. मला वचन वाचता येईना.”

तेव्हा आम्हांस एकोणिसावा अध्याय नव्याने वाचावा लागला.

तेथे निकदेम तिसऱ्यांदा येतो. शिष्य पांगले आहेत. ज्याच्यापासून काही मिळण्याची आशा होती तो मेला आहे. अरिमथाईकर योसेफ, जो भयामुळे गुप्त शिष्य होता, तो पिलाताकडे जाऊन शरीर मागतो. आणि निकदेम गंधरस व अगरू यांचे मिश्रण घेऊन येतो, ते आपल्या मापाने तीस किलोंहून अधिक भरेल. एवढे ओझे लपवून आणता येत नाही. आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या लोकांच्या लगेच ध्यानात येईल. गणना १९:११ प्रमाणे प्रेताला शिवणारा सात दिवस अशुद्ध. वल्हांडण तोंडावर आलेला. योहान १८:२८ मध्ये याच विटाळाच्या भयाने पुढारी पिलाताच्या वाड्यात पाऊल टाकीत नाहीत. आणि हा परुशी, ज्याचे सारे आयुष्य शुद्धतेचे नियम सांभाळण्यात गेले, तो क्रूसावर टांगलेल्या मनुष्याचे प्रेत आपल्या हातांनी गुंडाळतो. वर्षाच्या सर्वांत मोठ्या सणाला त्याची पंगतीतील जागा रिकामी राहिली असेल, आणि ती का रिकामी आहे हे सर्वांना कळले असेल. नियमशास्त्रात अशांसाठी पुढच्या महिन्यात दुसऱ्या वल्हांडणाची सोय आहे (गणना ९:१०-११). त्याने ती घेतली की नाही, योहान सांगत नाही.

तो उशिरा आला, हे आम्ही नाकारीत नाही. जिवंतपणी प्रभूला त्याच्या साक्षीचा उपयोग झाला असता. पण उशिरा आला म्हणून कोणी त्याला परत पाठविले नाही.

ते लग्न आम्ही लाविले. आमच्याविरुद्ध वरिष्ठांकडे एक अर्ज गेला, त्याचे उत्तर आम्ही दिले, आणि त्या वर्षी त्या गावची हंगामाची भेट आली नाही. लग्नास दोन्ही घरची मिळून पंधराएक माणसे होती. सतरंजीचा अर्धा भाग मोकळा होता, आणि बाहेर लिंबाखाली पुष्कळ जण उभे होते, जे आत येत नव्हते व घरीही जात नव्हते. दुसरे गीत चालू असता मुकादमांच्याच टोळीतील एक वृद्ध विधवा दारातून आत आली. तिच्या डोक्यावर ज्वारीच्या भाकरींची दुरडी होती. ती तिने वधूच्या आईजवळ ठेविली आणि पुढे येऊन बसली. उपासना संपल्यावर आम्ही तिला म्हणालो, “मावशी, तुमच्या लेकाच्या उचलीचे काय होईल?” ती म्हणाली, “भाकरी रातीच थापल्या होत्या, बाबा. सकाळपर्यंत न्यावं का नको, ह्याच इचारात व्हते.”

त्या वर्षी तिच्या मुलाला व सुनेला त्या टोळीत घेतले नाही. दसऱ्यानंतर ती दोघे दुसऱ्या मुकादमाबरोबर कर्नाटकातील एका कारखान्यावर गेली, आणि लहान नातवंडांना घेऊन आजी गावातच राहिली. पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी लिंबाखाली उभे राहणाऱ्यांपैकी चौघे आत येऊन तिच्या मागे बसले. मुकादम आले ते त्यानंतरच्या वर्षी नाताळात, आणि अगदी शेवटच्या ओळीत बसले.