गोळ्या कुठे ठेवता?

आई-बाबांनो, मुलाला कुणाच्या घरी राहायला पाठवताना आपण काय काय सांगतो ते आठवा. याला शेंगदाणा चालत नाही. आम्ही बीफ खात नाही, पिझ्झा मागवाल तर साधा चीजचा मागवा. चष्मा उशीखाली ठेवून झोपतो, जरा बघा. मी डेट्रॉईटच्या उत्तरेला, ट्रॉयमध्ये, चौदा वर्षं राहते आणि त्यातली बरीचशी वर्षं मीही एवढंच सांगत आले. "तुमच्या घरात बंदूक आहे का, आणि असली तर कुलपात आहे का?" हे विचारायला माझी जीभ रेटली नाही. समोरच्याला वाटेल, या बाईने आम्हाला गुंड समजलं. पुण्यात कुणाच्या घरी गेलं की कपाटात काय आहे असं आपण विचारतो का? तोच संकोच मी विमानातून सोबत आणला होता.

३० नोव्हेंबर २०२१ ला तो संकोच मोडला. ऑक्सफर्ड आमच्याच ओकलंड काउंटीत, गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. तिथल्या हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने गोळीबार केला. चार विद्यार्थी गेले, सात जण जखमी झाले.

त्याआधीचे चार दिवस मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत, कारण आईबापांसाठी सगळा मामला त्या चार दिवसांत आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी वडिलांनी मुलाला सोबत नेऊन नऊ मिलिमीटरचं पिस्तूल विकत घेतलं. शनिवारी आई त्याला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेली. सोमवारी तो वर्गात फोनवर गोळ्या शोधताना दिसला, शाळेने घरी कळवलं. आईने मुलाला मेसेज पाठवला, हसून, की मी रागावले नाही, पकडलं न जाण्याची अक्कल शीक. मंगळवारी सकाळी गणिताच्या कागदावर त्याने पिस्तूल काढलं, रक्त काढलं, आणि डोक्यातले विचार थांबत नाहीत, मदत करा, असं लिहिलं. शाळेने दोघांनाही बोलावून घेतलं. समुपदेशकाचं म्हणणं होतं की आजच कुणाला तरी दाखवा. दोघांनाही कामावर परतायचं होतं. पाव तासाच्या आत भेट उरकली आणि मुलगा वर्गात गेला. दप्तर त्याच्याजवळच होतं. ते आईबापांनी उघडलं नाही, शाळेनेही नाही. शाळेचा दोष मोठा आहे, पण शाळेशी मला आज बोलायचं नाही. तुमच्याशी बोलायचं आहे.

दुपारी बातमी कानावर येताच वडील घरी धावले. पिस्तूल जागेवर नव्हतं. त्यांनी पोलिसांना फोन करून सांगितलं, गोळ्या झाडणारा आमचाच मुलगा असावा. मी इथे अडकते. दुपारी ज्यांना पहिल्यांदा पिस्तूलच आठवलं, त्यांना सकाळी तो कागद समोर असताना ते का आठवलं नाही? आठवलं असेल आणि तोंडातून निघालं नसेल, असंच मला वाटतं. शाळेत चार लोकांसमोर "आमच्या घरात नवं पिस्तूल आहे" म्हणणं अवघड असतं. आपलीही अशी काही वाक्यं असतात. मुलगा रात्र रात्र झोपत नाही, खोलीचं दार लावून घेतो, परवा ताट भिंतीवर फेकलं. शिक्षकांनी बोलावलं की आपण यातलं काही बोलत नाही. आपण विचारतो, "गणितात मागे पडतोय का?"

फेब्रुवारी २०२४ मध्ये आईला आणि मार्चमध्ये वडिलांना मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी धरलं गेलं. ९ एप्रिलला दोघांनाही दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. शाळेत गोळीबार करणाऱ्या मुलाच्या आईबापांना त्या मृत्यूंसाठी असं दोषी ठरवण्याची अमेरिकेतली ती पहिलीच वेळ. खटल्यात एक केबल लॉक पुढे आलं. पिस्तुलातून ओवायची तार आणि तिला कुलूप, एवढीच वस्तू. पोलिसांना ते घरात सापडलं तेव्हा अजून प्लॅस्टिकच्या वेष्टणातच होतं. सरकारी वकील कॅरन मॅकडोनाल्ड यांनी ज्युरीसमोर स्वतःच्या हाताने ते लावून दाखवलं. जेमतेम दहा सेकंद लागले. घरात आणखी दोन छोट्या पिस्तुलांची एक पेटी होती, तिचा आकडा तीन शून्यं. कारखान्यातून आला तसा. (आपल्या फोनचा आकडाही मुलांना पाठ असतो, हे इथे कबूल करून टाकते.)

आई साक्षीत म्हणाली की मागे वळून पाहिलं तरी मी वेगळं काही केलं नसतं. मुलाने काही महिने आधी तिला मेसेज केले होते की घरात कुणीतरी वावरतंय, वस्तू पडताहेत. तिच्या मते ती घरातली चेष्टा होती. असेलही. प्रत्येक घराची अशी एक चेष्टा असते, ती बाहेरच्याला कळत नाही. पण चेष्टा करणारा कधीपासून चेष्टा करत नाहीये, हे घरच्यांनाच कळू शकतं, बाहेरच्याला तेही कळत नाही.

या निकालाने मी सुखावले, असं मात्र नाही. मुलावर आरोप ठेवले गेले ते प्रौढ म्हणून. डिसेंबर २०२३ मध्ये त्याला सुटकेची आशा नसलेली जन्मठेप झाली. आईबापांना शिक्षा झाली ती त्यांनी लहान मुलाला सांभाळलं नाही म्हणून. मग तो मोठा की लहान? एकाच न्यायालयाने सोयीप्रमाणे दोन्ही म्हटलं. शिवाय हे कलम उद्या कुणावर आधी पडेल? दोन नोकऱ्या करणाऱ्या एकट्या आईवर, की चांगला वकील परवडणाऱ्यावर? आमच्या मंडळात यावर जेवणाची पानं वाळेस्तोवर वाद झालाय. तरीही ज्युरीच्या प्रमुख बाईंचं बोलणं मला खोडता येत नाही. त्यांच्या मनात ठसलं होतं ते इतकंच, की पिस्तूल हातात असलेली शेवटची मोठी व्यक्ती ही आई होती.

वादाची दुसरी बाजूही ऐका, कारण ती आता आपल्यातच आहे. आमच्या ओळखीतल्या एका दादांचा पेट्रोल पंप आहे, तिथे दोनदा दरोडा पडला. त्यांनी पिस्तूल घेतलं. ते म्हणतात, "वहिनी, कुलपात ठेवलं तर रात्री दोनला उपयोग काय?" हा युक्तिवाद पोकळ नाही. २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन शहराचा नियम रद्द केला तो काहीसा यासाठीच: घरातली बंदूक कायम सुटी करून किंवा कुलूप लावून ठेवा म्हटलं तर स्वसंरक्षण अशक्य होतं. पण त्याच निकालपत्रात हेही म्हटलंय की अपघात टाळण्यासाठी बंदुका कशा ठेवाव्यात याचे कायदे त्यामुळे अवैध ठरत नाहीत. आमच्या मिशिगन राज्याने तसा कायदा १३ फेब्रुवारी २०२४ पासून लागू केला. घरात अल्पवयीन मूल येण्याजाण्याची शक्यता असेल तर बंदूक रिकामी करून कुलूप लावा किंवा कुलपाच्या पेटीत ठेवा. तसं न केल्याने मुलाच्या हातून कुणाचा जीव गेला तर पंधरा वर्षांपर्यंत कैद. दादांना मी बोटाच्या ठशाने उघडणारी छोटी पेटी दाखवली. क्षणात उघडते. त्यांनी घेतली की नाही ते मी अजून विचारलेलं नाही. विचारायला हवं.

आणि माझी खरी भीती शाळेतल्या गोळीबाराची नाहीच. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. आपली मुलं गुणी, शांत, पहिल्या पाचांतली. कॉलेजच्या नकाराची ईमेल आली की त्या संध्याकाळी ती कुणाच्या तळघरात बसलेली असतात, आपल्याला ठाऊक असतं? तसा क्षण बऱ्याचदा थोडाच वेळ टिकतो. त्या वेळात हाताशी काय आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून बालरोगतज्ज्ञांची इथली संघटना सांगते: घरात बंदूक नसणं सर्वांत बरं, असलीच तर रिकामी, कुलपात, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात.

पुण्याची माणसं म्हणतील, आमच्याकडे कुठे बंदुका? खरं आहे. पण मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव गाडीने दोघांचा जीव घेतला, तेव्हा सगळं गाव एकच विचारत होतं: किल्ली कुणी दिली? आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून कलम १९९अ आहे. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बारा वर्षांच्या चिरंजीवांना मित्राकडे रात्री राहायला जायचं होतं. मी फोन उचलला, शेंगदाण्याचं सांगितलं आणि त्याच दमात विचारून टाकलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग मित्राचे बाबा म्हणाले, आहे, दोन रायफली, हरणाच्या शिकारीच्या, तळघरातल्या सेफमध्ये. आकडा फक्त मला आणि बायकोला माहीत. गोळ्या वेगळ्या. येऊन बघायचं असेल तर या. विचारलंत ते बरं केलंत, आम्हीही विचारायला हवं. मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना उगाचच जेवायला बोलावलं.

त्यांची बायको नर्स आहे. फोन ठेवायच्या आधी तिने तो हातात घेतला आणि मला विचारलं, पुढच्या महिन्यात आमचा मुलगा तुमच्याकडे राहायला येईल, तुमच्याकडे औषधांच्या गोळ्या कुठे असतात?

मी डायनिंग टेबलाकडे पाहिलं. सासूबाईंचा सात खणांचा डबा, त्यात रक्तदाबाच्या, साखरेच्या, झोपेच्या. शेजारी लोणच्याची बरणी. चौदा वर्षांत तो डबा मी कधी पाहिलाच नव्हता, म्हणजे रोज पुसत होते, पण पाहिला नव्हता. खरं काय ते मी तिला सांगितलं.

आता तो वरच्या कपाटात असतो, कुलपात. सासूबाई रोज रात्री नऊला जिन्याखालून ओरडतात, "अगं, माझ्या गोळ्यांना काय दागिने समजतेस का?" आणि मी किल्ली घेऊन वर जाते.